हीरोज ३ : एक्स्पान्शन, पॅच आणि मॉड यांची गुंतागुंत

‘हीरोज ३ आहे का तुझ्याकडे?’ या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एकाने जुन्या सीडीवरून गेम घातलेला असतो, नेरुळच्या दुसऱ्याने गॉग या ऑनलाइन दुकानातून ‘कम्प्लीट’ विकत घेतलेला असतो आणि ऐरोलीच्या तिसरीने स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून ‘एचडी एडिशन’ घेतलेली असते. तिघांच्याही पडद्यावर तेच किल्ले, तेच संगीत. तरीही रविवारी एकत्र खेळायचं ठरलं की एकाने पाठवलेला मॅप दुसऱ्याच्या यादीत दिसतच नाही. गेम बिघडलेला नसतो. तिघांकडे एकाच नावाचे तीन वेगळे गेम असतात. आपल्याकडे नेमका कोणता आहे, त्यावर काय चढवता येतं आणि कोणत्या क्रमाने, एवढं कळलं की बाकीच्या बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ १९९९ साली आला. कॅलिफोर्नियातल्या न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने तो बनवला आणि थ्रीडीओ कंपनीने विकला. खेळ पाळीपाळीचा आहे. एक पाळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, आणि नवा आठवडा लागला की किल्ल्यांत नवे सैनिक भरतीला येतात. हीरो नकाशावर फिरतो, खाणी ताब्यात घेतो, सैन्य जमवतो आणि शेवटी दुसऱ्याच्या हीरोशी भिडतो. पाळी संपवण्याचं बटण दाबेपर्यंत काहीही पुढे सरकत नाही. पंचवीस वर्षांनंतरही या गेमवर नवं काम होत आहे ते या शांत, मोजूनमापून खेळण्याच्या पद्धतीमुळेच.

आता तीन शब्द वेगळे करू. कंपनीने आधी विकलेल्या गेममधली चूक दुरुस्त करणारी, फुकट मिळणारी फाइल म्हणजे पॅच किंवा अपडेट. कंपनीनेच नंतर बनवलेली, वेगळे पैसे देऊन घ्यायची भर म्हणजे एक्स्पान्शन पॅक. त्यात नवे किल्ले, नवे सैनिक, नव्या मोहिमा असतात. आणि खेळणाऱ्यांनीच हौसेने बनवलेला बदल म्हणजे मॉड. बोलताना लोक तिन्हींना सरसकट अपडेट म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

हीरोज ३च्या मूळ गेमचं नाव ‘रिस्टोरेशन ऑफ एराथिया’. १९९९मध्येच ‘आर्मागेडन्स ब्लेड’ हे पहिलं एक्स्पान्शन आलं आणि २००० साली ‘शॅडो ऑफ डेथ’ हे दुसरं. त्याच वर्षी सगळं एकत्र करून ‘कम्प्लीट’ निघाला. आवृत्तीच्या आकड्यात हे थर स्पष्ट दिसतात. मूळ गेमचा शेवटचा पॅच १.४, आर्मागेडन्स ब्लेडचा २.२, शॅडो ऑफ डेथचा ३.२ आणि कम्प्लीट म्हणजे ४.०. पहिला आकडा थर सांगतो, टिंबानंतरचा आकडा त्या थराची दुरुस्ती. म्हणून १.४चा पॅच २.० वर चढवता येत नाही, आणि चढवायची गरजही नसते. जुने पॅच मूळ फाइलमधले ठरावीक बाइट बदलत. ती फाइल अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, म्हणजे दुसऱ्या भाषेतली किंवा सीडीशिवाय चालावी म्हणून कोणी फेरफार केलेली, तर पॅच काम करायला नकार देतो. ‘पॅच चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आर्मागेडन्स ब्लेडला मूळ गेम आधी घातलेला लागतो. शॅडो ऑफ डेथला लागत नाही, तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. जुन्या सीडी हाताशी असणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. पहिली सीडी हरवली असेल तर आर्मागेडन्स ब्लेडची सीडी एकटी काही कामाची नाही, शॅडो ऑफ डेथची मात्र आहे. ‘हीरोज क्रॉनिकल्स’ नावाच्या छोट्या मोहिमाही त्याच सुमारास निघाल्या होत्या, पण ते एक्स्पान्शन नव्हे. ते सुटे गेम आहेत, त्यांच्यावर काही चढवायला जाऊ नये.

नववा किल्ला आणि आठ चौकटी

नव्या थरातला मॅप जुन्या थरात का उघडत नाही, हे समजण्यासाठी मॅपच्या फाइलमध्ये डोकवायला हवं. तिच्या नावामागे ‘एच३एम’ हे शेपूट असतं आणि आतला मजकूर जीझिप पद्धतीने दाबून ठेवलेला असतो. तो सोडवला की सुरुवातीलाच एक आकडा मिळतो. मूळ गेमचा मॅप असेल तर १४, आर्मागेडन्स ब्लेडचा असेल तर २१, शॅडो ऑफ डेथचा असेल तर २८. गेम सगळ्यात आधी हा आकडा वाचतो आणि तो ओळखीचा नसेल तर मॅप बाजूला ठेवतो. यादीत मॅप दिसत नाही तो यामुळे.

मग हा आकडा खोडून १४ केला तर? हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले बाइट थेट बदलणारं साधन, वापरणारे हा प्रयोग करतात आणि गेम बंद पडतो. कारण फरक फक्त त्या आकड्यात नाही, पुढच्या अनेक रकान्यांच्या रुंदीत आहे. कोणत्या खेळाडूला कोणते किल्ले घेता येतील, हे मूळ गेमच्या मॅपमध्ये एका बाइटमध्ये लिहिलेलं असतं. एका बाइटमध्ये आठ बिट. कॅसल, रॅम्पार्ट, टॉवर, इन्फर्नो, नेक्रोपोलिस, डन्जन, स्ट्राँगहोल्ड आणि फोर्ट्रेस हे आठ किल्ले त्यात बरोबर बसतात. आठ चौकटींचा छापील फॉर्म असावा आणि आठही भरलेल्या असाव्यात, तशी ही रचना आहे. नववा किल्ला आणायचा तर फॉर्मच नवा छापावा लागणार होता.

आर्मागेडन्स ब्लेडने कॉन्फ्लक्स हा नववा किल्ला आणला आणि किल्ल्यांसाठी दोन बाइट दिले. मूळ गेममध्ये सैनिकांचे ११८ प्रकार होते. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढे आकडे मावतात, म्हणजे सैनिकांना तशी जागा उरली होती. तरी त्याच खेपेला सैनिक आणि मौल्यवान वस्तू यांचे रकानेही एकाऐवजी दोन बाइटांचे केले गेले. जुना गेम असा मॅप वाचायला बसला तर सुरुवातीलाच त्याची मोजणी चुकते आणि पुढचं सगळं चुकीच्या जागी वाचलं जातं. हीरोच्या जागी डोंगर, डोंगराच्या जागी सोनं. उलट बाजूने अडचण नाही. नव्या गेमला जुने अरुंद रकाने माहीत असतात, म्हणून १९९९चा मॅप आजही शॅडो ऑफ डेथमध्ये आरामात उघडतो. चारजणांच्या गटाला मॅप पाठवायचा असेल तर ज्याच्याकडे सगळ्यात खालचा थर आहे त्याच्या बेताने मॅप निवडावा. शॅडो ऑफ डेथच्या मॅपयादीत प्रत्येक नावाशेजारी तो कोणत्या थराचा आहे हे दाखवणारं छोटं चिन्ह असतं, ते पाहिलं की पुरे.

या नवव्या किल्ल्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. आधी ठरलेला किल्ला कॉन्फ्लक्स नव्हता. फोर्ज नावाचा, यंत्रं आणि माणसं यांची सांगड घातलेला विज्ञानकथेच्या धाटणीचा किल्ला येणार होता. जादू आणि ड्रॅगनच्या जगात यंत्रं नकोत म्हणून खेळणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला, प्रकरण धमक्यांपर्यंत गेलं, आणि फोर्ज रद्द करून त्या जागी महाभूतांच्या सैनिकांचा कॉन्फ्लक्स बसवला गेला. तो अतिशय बलवान निघाला. इतर आठ किल्ल्यांत सर्वांत वरच्या, सातव्या पातळीच्या सैनिकाची आठवड्याची मूळ भरती एकच असते, कॉन्फ्लक्सची दोन. तटबंदी पूर्ण बांधली की ही भरती दुप्पट होते, म्हणजे इतरांना दोन आर्चेंजल किंवा दोन ड्रॅगन मिळतात त्या आठवड्यात कॉन्फ्लक्सवाल्याला चार फिनिक्स. शिवाय त्याच्या जादू विद्यापीठात चारही प्रकारच्या जादूची कौशल्यं २००० सोन्याला एक या दराने शिकता येतात. चुरशीच्या खेळात आजही अनेकजण ‘कॉन्फ्लक्स घ्यायचा नाही’ असं आधीच ठरवून घेतात. आमच्या मते घरच्या खेळातही हा नियम ठेवावा, निदान गटात कोणी नवखं असेल तर नक्कीच.

आर्मागेडन्स ब्लेडमधली खरी मोलाची भर मात्र वेगळीच होती: दर वेळी नवा मॅप तयार करून देणारा जनरेटर. हाताने बनवलेला मॅप दोनदा खेळला की खजिना कुठे आहे हे पाठ होतं. जनरेटरमुळे ते संपलं. हा गेम आजवर टिकला त्यात या एका सोयीचा वाटा फार मोठा आहे.

शॅडो ऑफ डेथने नवा किल्ला दिला नाही. त्याने १२ जोडवस्तू दिल्या, म्हणजे ठरावीक सुट्या वस्तू एकाच हीरोकडे जमल्या की त्यांची मिळून एक मोठी वस्तू होते. एंजेलिक अलायन्ससाठी सहा वस्तू लागतात आणि ती झाली की हीरोच्या चारही गुणांत २१ची भर पडते. अनडेड किंगच्या झग्याला तीनच लागतात. तो घातलेल्या आणि नेक्रोमन्सी, म्हणजे मेलेल्यांना आपल्या सैन्यात घेण्याचं कौशल्य, पूर्ण शिकलेल्या हीरोला लढाईनंतर सांगाड्यांऐवजी थेट लिच हे कितीतरी बलवान सैनिक मिळतात, आणि त्यानंतर त्याला थोपवणं कठीण होऊन बसतं.

कंपनी बुडाली, गेम उरला

२००३ साली थ्रीडीओचं दिवाळं निघालं आणि युबिसॉफ्टने १३ लाख डॉलरना ही मालिका विकत घेतली. तिथे अधिकृत पॅचची साखळी तुटली. २०१५मध्ये युबिसॉफ्टने ‘एचडी एडिशन’ काढली. चित्रं नव्याने मोठी केलेली, पण गेम फक्त मूळ थराचा. दोन्ही एक्स्पान्शनचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, हाती नसल्यामुळे ती घेता आली नाहीत. म्हणजे तिच्यात कॉन्फ्लक्स नाही, जोडवस्तू नाहीत, मॅप जनरेटरही नाही. नावात एचडी आहे आणि तारीख नवी आहे, म्हणून लोक हीच घेतात आणि नंतर काहीच जुळत नाही म्हणून हैराण होतात. नवीन घेणाऱ्याने ‘कम्प्लीट’च घ्यावा. पुढे सांगितलेले मॉड त्याच्यावर बसतात.

मॉडपैकी आधी ‘इन द वेक ऑफ गॉड्स’ आला, २००१च्या सुमारास. त्याने मॅप बनवणाऱ्यांच्या हाती एक स्क्रिप्ट भाषाच दिली, हीरोबरोबर लढणारे कमांडर आणले, सैनिकांना अनुभव मिळू लागला. भरपूर आणि थोडं अस्ताव्यस्त. एकट्याने निवांत खेळणाऱ्यांना तो अजून आवडतो. त्याच्या मॅपच्या सुरुवातीचा आकडा ५१.

२०११च्या अखेरीस ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’ आला. त्याची वृत्ती अगदी उलट. मूळ कंपनीनेच पुढचं एक्स्पान्शन काढलं असतं तर ते कसं दिसलं असतं, त्याच चित्रशैलीत आणि त्याच मापात, असा त्याचा प्रयत्न आहे. आधी कोव्ह हा दर्यावर्दी लोकांचा किल्ला आला, २०२४ उजाडता उजाडता फॅक्टरी. फॅक्टरीचं वेगळेपण असं की सातव्या पातळीला दोन निरनिराळे सैनिक आहेत, कोआटल आणि ड्रेडनॉट. मॅपचे आकारही वाढले. मूळ गेममध्ये सर्वांत मोठा मॅप १४४ गुणिले १४४ चौकटींचा होता, इथे १८०, २१६ आणि २५२ पर्यंत जाता येतं. याच्या मॅपचा सुरुवातीचा आकडा ३२, आणि ते कम्प्लीटमध्ये उघडत नाहीत. आज ऑनलाइन चुरशीने खेळणारे बहुतेकजण यावरच खेळतात.

नवे किल्ले डोळ्यांत भरतात, पण ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’चं खरं काम समतोलाचं आहे. नेक्रोमन्सीचंच उदाहरण घ्या. शॅडो ऑफ डेथमध्ये या कौशल्याच्या तीन पायऱ्यांवर १०, २० आणि ३० टक्के मेलेले शत्रू सांगाडे होऊन आपल्याकडे येत. समोरचे २०० भालेदार मारले की तिसऱ्या पायरीवर ६० सांगाडे फुकट. पहिल्या आठवड्यापासून हे सुरू झालं की महिनाअखेरीस नेक्रोपोलिसच्या सैन्यापुढे कोणी टिकत नसे. ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’ने हे आकडे ५, १० आणि १५ टक्के केले. त्याच २०० भालेदारांचे आता ३० सांगाडे. एका कोष्टकातले तीन आकडे बदलले आणि एक अख्खा किल्ला चुरशीत खेळण्याजोगा झाला. तसंच जादूला विरोध करणारं रेझिस्टन्स हे कौशल्य. त्यात शत्रूची जादू २० टक्क्यांपर्यंत वेळा नशिबाने फुकट जायची, म्हणजे सगळा हिशेब नाण्याच्या उडीवर. त्या जागी इंटरफिअरन्स आलं. ते समोरच्या हीरोची जादूशक्ती १०, २० किंवा ३० टक्क्यांनी ठामपणे कमी करतं. आता दोन्ही बाजूंना आधीच गणित मांडता येतं. पाळीपाळीच्या खेळाला नशीब चालतं, पण निकाल त्याच्यावर सोडलेला चालत नाही, आणि हे या मॉडच्या कर्त्यांना पक्कं कळलेलं आहे.

यासोबत ‘एचडी मॉड’ हे नाव ऐकू येईल. त्याचा ‘एचडी एडिशन’शी काहीही संबंध नाही. मूळ गेम ८०० गुणिले ६०० ठिपक्यांतच चालायचा. हा मॉड तो आजच्या मोठ्या पडद्यावर नीट आणतो, शॉर्टकट देतो, ऑनलाइन लॉबी म्हणजे खेळाडूंनी जमण्याची जागा देतो आणि नियमांना हात लावत नाही. मूळ फाइल तशीच ठेवून तो शेजारी स्वतःची चालवायची फाइल तयार करतो. ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’च्या इन्स्टॉलरबरोबर तो आपोआप येतो, वेगळा शोधावा लागत नाही.

घालायचं कसं

फोल्डर निवडण्यापासून सुरुवात करू, कारण अर्ध्याहून जास्त अडचणी तिथल्या आहेत. प्रोग्रॅम फाइल्समध्ये हा गेम घालू नका. विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रॅमना थेट लिहू दिलं जात नाही. गेमने सेव्ह केलेली फाइल विंडोज गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या दुसऱ्याच जागी ठेवतं. मग तुम्ही पेन ड्राइव्हवर घेण्यासाठी सेव्ह शोधता, ती गेमच्या फोल्डरमध्ये नसते, आणि पुढे मॉड चढवल्यावर तीच जुनी फाइल मध्येच डोकं वर काढते. डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा.

त्या फोल्डरचं नाव आणि त्याच्यापर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. हा गेम युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या लिहिता येणारी पद्धत, रुळण्याआधीच्या पद्धतीने लिहिलेला आहे. त्याला देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं आणि फाइल सापडत नाही. आपल्याकडे काही घरांत विंडोजचं युजरनेमच मराठीत असतं. डेस्कटॉपवर गेम घातला तर ते नाव वाटेत येतंच. मॅपला मराठी नाव द्यायचा मोहही आवरावा, ते रोमन अक्षरांत लिहावं.

त्यानंतर कम्प्लीट घाला, एकदा सुरू करून बंद करा. चालतो याची खात्री झाली की अख्ख्या फोल्डरची प्रत काढा. एक प्रत शुद्ध कम्प्लीट म्हणून तशीच राहू द्या, दुसऱ्या प्रतीवर ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’चा इन्स्टॉलर चालवा आणि जागा विचारली की त्याच फोल्डरकडे बोट दाखवा. ‘वेक ऑफ गॉड्स’ही हवा असेल तर त्याच्यासाठी तिसरी प्रत. हे दोन मॉड एका फोल्डरमध्ये कधीही घालू नयेत. दोघंही त्याच सैनिकांच्या कोष्टकांना आणि त्याच फाइलींना हात घालतात, नंतर घातलेला आधीच्याचं अर्धवट पुसतो आणि दोन्ही निकामी होतात. जागेची काळजी नको, १९९९चा गेम आजच्या डिस्कवर तीन वेळा ठेवला तरी कळत नाही.

हातातल्या फोल्डरमध्ये नक्की काय आहे याची शंका असेल तर त्यातला ‘डेटा’ फोल्डर उघडा. नावाच्या सुरुवातीला ‘एच३एबी’ असलेल्या मोठ्या फाइली तिथे दिसल्या तर एक्स्पान्शनची चित्रं हजर आहेत. नसतील तर तो मूळ थर आहे आणि त्यावर ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’ बसणार नाही.

अँटिव्हायरस बहुधा आरडाओरड करेल. एचडी मॉड चालू गेममध्ये शिरून त्याचं वागणं बदलतो, व्हायरसही तसंच करतात, म्हणून संशय. फाइल मॉडच्या स्वतःच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्या, आणि मग अँटिव्हायरसमध्ये फक्त त्या एका फोल्डरला सूट द्या. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करून ठेवू नका. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांनी दिलेल्या लॅपटॉपवर ही सूट देण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो, तिथे हा उद्योग करूच नये.

सीडीबद्दल थोडंसं. त्या काळातल्या पुष्कळ गेमच्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे आणि विंडोज १०ने त्याचा ड्रायव्हरच काढून टाकला. त्यामुळे सीडी ठणठणीत असूनही गेम ‘सीडी घाला’ म्हणत राहतो. खाडीकाठच्या दमट हवेत सीडीवर बुरशीही धरते. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवू नये. डेटा वाचता येत असेल तर मॅप आणि जुन्या सेव्ह आताच डिस्कवर उतरवून घ्या.

ठाणे ते खारघर, एकाच मॅपवर

दोन घरांमधून खेळायचं तर जुनी पद्धत अशी की एकाने होस्ट व्हायचं आणि दुसऱ्याने त्याचा आयपी पत्ता टाकायचा. मूळ गेम यासाठी विंडोजमधला डायरेक्टप्ले हा जुना भाग वापरतो. विंडोज १० आणि ११मध्ये तो मुळात बंद असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करायच्या यादीत लेगसी कम्पोनंट्सखाली तो सापडतो. तो चालू करून आणि राउटरवर पोर्ट उघडूनही जोडणी होत नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. कारण अनेक ब्रॉडबँड कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुमच्यापर्यंत बाहेरून कोणी थेट पोहोचू शकत नाही, पोर्ट कितीही उघडा. अशा वेळी एचडी मॉडची ऑनलाइन लॉबी वापरावी. जोडणी मधल्या सर्व्हरमार्फत होते आणि ही अडचण उरत नाही.

लॉबीत अनोळखी लोकांशी खेळायचं तर वेळेचं भान ठेवा. तिथले पुष्कळ खेळाडू पूर्व युरोपातले आहेत. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे, वॉर्सा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. त्यांची रात्रीची आठची वेळ म्हणजे आपले साडेदहा ते साडेबारा, आणि जनरेटरच्या मॅपवरचा एक डाव दोन-तीन तास सहज चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल असणाऱ्यांनी आपसातच खेळावं. जनरेटरला द्यायचा ‘जेबस क्रॉस’ नावाचा साचा त्यासाठी चांगला आहे. कडेला खेळाडू, मध्ये खजिन्याने भरलेलं वाळवंट, त्यामुळे डाव रेंगाळत नाही. एकाच वेळी सगळ्यांनी पाळी खेळण्याची सोयही चालू करा, सुरुवातीच्या आठवड्यांत ताटकळणं वाचतं. आणि सगळे एकाच घरी जमणार असाल तर यातलं काहीच नको. हॉटसीट निवडायचं, एकच संगणक, आपली पाळी आली की खुर्चीत बसायचं.

प्रवासात खेळायचं असेल तर ‘व्हीसीएमआय’ पाहा. २००७ पासून सुरू असलेला हा प्रकल्प मॉड नाही. गेमचं इंजिनच त्यांनी नव्याने लिहिलं आहे, सोर्स कोड सर्वांना खुला आहे आणि ते अँड्रॉइड, आयफोन, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. चित्रं आणि आवाज मात्र तुमच्याच विकत घेतलेल्या गेममधून लागतात: डेटा, मॅप्स आणि एमपी३ हे तीन फोल्डर फोनवर न्यायचे. पाळीपाळीचा गेम असल्यामुळे ऐरोली ते कोपरखैरणेच्या दरम्यान एक-दोन दिवस खेळून फोन खिशात टाकता येतो. फक्त व्हीसीएमआयमधली सेव्ह संगणकावरच्या कम्प्लीटमध्ये उघडत नाही आणि तिथली इथे उघडत नाही. डाव जिथे सुरू केला तिथेच संपवायचा.

सेव्हचा हाच नियम अपडेटलाही लागू आहे. सेव्ह म्हणजे चालू डावाच्या सगळ्या कोष्टकांची त्या क्षणीची प्रत, आणि अपडेटमध्ये नवा सैनिक किंवा नवी वस्तू आली की ती कोष्टकं लांबतात. जुन्या आवृत्तीत वाचवलेला डाव मग नव्यात उघडत नाही, किंवा उघडतो आणि दोन आठवड्यांनी बंद पडतो. चौघांचा डाव अर्धा झालेला असताना एकाच्या लाँचरने ‘नवी आवृत्ती आली आहे’ असं दाखवलं आणि त्याने सवयीने ‘हो’ दाबलं, की पुढच्या रविवारी तो एकटाच बाहेर. म्हणून डाव सुरू करताना गटात एक संदेश टाकून ठेवावा: मॉडचं नाव, आवृत्तीचा पूर्ण आकडा, साचा, मॅपचा आकार, कोणते किल्ले वर्ज्य. डाव संपेपर्यंत कोणीही अपडेट घ्यायचं नाही. संपला की ‘गेम्स’ आणि ‘मॅप्स’ हे दोन फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यायचे आणि मग सगळ्यांनी एकाच दिवशी अपडेट घ्यायचं. कोणी आधीच घेऊन बसला असेल तर गटातल्या दुसऱ्याने आपला चालू फोल्डर अख्खाच्या अख्खा पेन ड्राइव्हवर त्याला द्यावा. त्याच्या संगणकावर तो शेजारी ठेवून चालवला की आवृत्ती जुळते आणि रविवारचा डाव आहे तिथून पुढे सुरू होतो.